खिळे कोणाचे?

मराठवाड्यातल्या काही लहान सार्वजनिक ग्रंथालयांची दाखल नोंदवही आता संगणकावर ठेवली जाते. दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, खरेदी की देणगी, कोणी नेलं, कधी परत आलं, एवढाच तो प्रोग्राम. तो मी लिहिला, म्हणून त्याच्या ‘माहिती’च्या खिडकीत माझं नाव दिसतं. तिथे आणखी दोन नावं असायला हवी होती. दोघांनीही ती घालू दिली नाहीत आणि इथेही मी ती देणार नाही, कारण ‘नाव नको’ हे त्यांनी मनापासून सांगितलं होतं. एकांना मी काका म्हणत असे, दुसऱ्यांना चाचा. काकांनी गुलमंडीच्या बाजूच्या एका छापखान्यात उमेदीची सगळी वर्षं मराठी खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे ठसे, जुळवण्यात घालवली. चाचा त्याच छापखान्याच्या माडीवर बसून उर्दूची किताबत करत, म्हणजे छपाईसाठी मजकूर हाताने लिहून देत. प्रोग्रामच्या खिडक्या कोणत्या टूलकिटने बांधायच्या, हा माझा सगळ्यात अवघड निर्णय या दोघांच्या डोळ्यांनी झाला.

वर्ष २००९. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. पुण्यातली नोकरी सोडून मी घरी परतले होते आणि मिळतील ती लहानसहान कामं घेत होते. ओळखीच्या एका ग्रंथालयाच्या कार्यवाहांनी विचारलं, आमच्या नोंदवहीसाठी काही करून देशील का? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. ड वर्गाच्या ग्रंथालयाच्या अनुदानात ग्रंथपालाचं मानधन, वर्तमानपत्रं, जागेचं भाडं आणि नवी पुस्तकं हे सगळं बसवायचं असतं. संगणक विकत घेणं त्यात बसत नाही. संगणक येतो तो कोणीतरी दिलेला. कुठे बँकेने नवी यंत्रं घेतली म्हणून जुनं दिलेलं, कुठे वाळूजच्या कारखान्यातून निघालेलं, कुठे गावच्या एखाद्या मुलाने लिनक्स घालून जिवंत केलेलं. बहुतेकांवर तेव्हा विंडोज एक्सपी, काहींवर उबुंटू हे लिनक्स. स्मरणशक्ती २५६ एमबी असली तर चांगलं यंत्र म्हणायचं. इंटरनेट नाही. भारनियमनामुळे वीज कधी जाईल याचा नेम नाही.

मोठ्या ग्रंथालयांसाठी कोहा आणि एनआयसीचं ई-ग्रंथालय अशी सॉफ्टवेअरं होती, आणि ती उत्तमच आहेत. पण सर्व्हर चालवणारं माणूस खेड्यातल्या वाचनालयात कुठून आणायचं? मला हवा होता तो बटण दाबलं की उघडणारा, एक्सपीवर आणि उबुंटूवर सारखाच दिसणारा, वीज गेली तरी नोंद न हरवणारा साधा प्रोग्राम. नोंदी साठवायला एसक्यूलाइट पुरेसं होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न खिडक्यांचा होता.

या विषयाशी संबंध नसलेल्या वाचकासाठी थोडं सांगते. पडद्यावर दिसणारं बटण, लिहायची चौकट, खाली-वर सरकणारी यादी, छापायचा संवाद हे सगळं प्रोग्राम लिहिणारा स्वतः काढत बसत नाही. ते तयार मिळतं, त्या संचाला टूलकिट म्हणतात. विंडोजची बटणं वेगळी, लिनक्सची वेगळी, मॅकची वेगळी. एकदाच लिहून सगळीकडे चालवायचं असेल तर मध्ये असं टूलकिट लागतं जे तिन्ही ठिकाणची भाषा जाणतं. एकदा ते निवडलं की परत फिरणं फार महाग पडतं, कारण प्रोग्रामची ओळ न् ओळ त्याच्या रीतीने लिहिली जाते.

२००९ मध्ये समोर बरेच पर्याय होते. जॉन ऊस्टरहाउट यांनी बर्कलीत घडवलेलं टीके पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेसोबत फुकट आणि आयतं मिळत होतं. ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात सुरू केलेलं डब्ल्यूएक्सविजेट्स होतं. त्याची रीत अशी की ते स्वतः काही रंगवत नाही, ज्या यंत्रणेवर असेल तिचीच बटणं मागून घेतं. गिंप या चित्रांच्या प्रोग्रामसाठी जन्मलेलं जीटीके होतं. जावाचं स्विंग होतं. आणि नॉर्वेतून आलेलं क्यूटी. पुण्यातले माझे मित्र या विषयावर तासन्तास बोलत. वेग, आकार, परवाना, दिसणं, शिकायला लागणारा वेळ यांचे तक्ते करत. मीही तसा तक्ता केला. शिवाय प्रत्येक टूलकिटमध्ये एक चौकट आणि एक यादी असलेली चाचणीची खिडकी लिहिली आणि ग्रंथालयाच्या दोन यंत्रांवर, एक्सपीवर आणि उबुंटूवर, चालवून पाहायला घेऊन गेले.

काका तिथे रोज सकाळी वर्तमानपत्रं वाचायला येत. छापखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. माझ्या मागे उभे राहून ते पडद्याकडे पाहत होते. मी यादीत काही पुस्तकांची नावं भरली होती, त्यांतल्या एका नावात ‘दऱ्याखोऱ्यांतून’ असा शब्द होता. काका म्हणाले, “हे काय लिहिलंय गं पोरी? दर्या म्हंजे समुद्र. समुद्रात कशाला नेतीस माणसाला, त्याला डोंगरात जायचंय.”

पडद्यावर खरंच ‘दर्याखोर्यांतून’ उमटलं होतं. माझी नजर त्यावरून कितीदा गेली असेल, पण मला ते खुपलं नव्हतं. काकांना खुपलं, कारण त्यांच्या हाताखाली हे दोन वेगळे खिळे होते. रफार वर बसतो, आणि दऱ्या, वऱ्हाड, बिऱ्हाड, कुऱ्हाड यांतला अर्धा र आडवा, पापणीसारखा, पुढच्या अक्षराला टेकतो. संगणकातही ते दोन वेगळेच असतात. साध्या ‘र’ला हलन्त लावून ‘य’ जोडला की ‘र्य’, आणि खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त लावून ‘य’ जोडला की ‘ऱ्य’. मात्र साठवलेल्या संकेतांपासून डोळ्यांना दिसणारं अक्षर घडवण्याचं काम मांडणीयंत्राचं आणि फॉन्टचं. तिथे चूक झाली तर ‘आचाऱ्यांना’ जेवणाचं आमंत्रण जाण्याऐवजी ‘आचार्यांना’ जातं. हिंदीत हा अर्धा र लागतच नाही, त्यामुळे हिंदीपुरती नागरी तपासून ‘देवनागरी येते’ असं म्हणणाऱ्या कितीतरी सोयी मराठीला तिथेच दगा देत.

दुसऱ्या दिवशी काकांनी एक पाठकोरा कागद आणला. त्यावर शिसपेन्सिलने, टपोऱ्या अक्षरांत, शब्द लिहिले होते. दर्या, दऱ्या. सूर्य, सुऱ्या. वऱ्हाड. राष्ट्र, ट्रक, चक्र. वाङ्मय. बुद्ध, पद्म, विद्या, उद्गार. हृदय, ब्रह्म, चिन्ह. श्री, शृंगार. रुपया, रूप. किल्ला, स्थिती, स्त्रिया. कॅप्टन, ऑफिस. शेवटी एका ओळीत नुसतं श, ल, ळ. जुळाऱ्याच्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, मराठीचे शेकडो खिळे असतात, जोडाक्षरांची घरं वेगळी. यांतला कोणता खिळा केसमध्ये नेमका संपलेला असतो, नवा माणूस कुठे चुकतो, प्रुफात कोणती खूण सारखी सारखी येते, हे सगळं त्या यादीत होतं. म्हणाले, “हे सगळं जो नीट उमटवील तो खरा. बाकीच्यांचं मला सांगू नको.”

टूलकिटची इतकी कसून परीक्षा कोणत्याही तक्त्यात मी पाहिली नव्हती.

टीके पहिल्याच दिवशी बाजूला पडलं. लिनक्सवर त्या काळी ते अक्षरं साठवल्या क्रमानेच मांडत असे. संगणकात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि दिसताना आधी यावी लागते. ही अदलाबदल मांडणीयंत्राने करायची असते. ती न झाल्यामुळे ‘किल्ला’मधली वेलांटी ‘ल्ल’च्या उरावर जाऊन बसली. काकांनी चष्मा काढून ठेवला आणि पुढचं बघायलाही नकार दिला. स्विंगने अक्षरं बरी उमटवली, पण जावाचा पसारा त्या दुबळ्या यंत्राला झेपत नव्हता. खिडकी उघडेपर्यंत ग्रंथपालबाईंच्या समोर रांग लागली असती. जीटीकेचं पँगो हे मांडणीयंत्र लिनक्सवर सुंदर काम करत होतं. विंडोजवर मात्र त्याचा सगळा लवाजमा सोबत न्यावा लागे आणि तिथे ते परकं दिसे.

डब्ल्यूएक्सविजेट्सवर माझा फार जीव होता. ज्या यंत्रणेचं घर, तिचीच बटणं, ही कल्पना मला आजही सुसंस्कृत वाटते. पण अक्षरंही मग त्या घरचीच. विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांसाठीच्या फाइली मुळात बसवलेल्या नसत. ‘रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन एक खूण करायची, मग यंत्र मूळ सीडी मागणार. देणगीत आलेल्या संगणकाची सीडी कोणाकडे असते? आणि बसवल्या तरी एक्सपी २००१ ची. ‘ॲ’ हे अक्षर, अक्षरांना संकेत ठरवून देणाऱ्या युनिकोड या मानकात, ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये आलं. ॲडव्होकेटांच्या नावाआधी एक रिकामा चौकोन दिसे. बरीच माणसं ‘अ’ला चंद्र लावून वेळ भागवत. आजही माझ्या प्रोग्रामचा शोध दोन्ही रूपं एकच मानतो, कारण जुन्या नोंदींत दोन्ही आहेत.

आणखी एक रस्ता होता आणि तो मुंबईहून दिसत होता. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागातले प्रभू रामचंद्रन यांचं मायावी हे त्रिमितीय चित्रणाचं मुक्त सॉफ्टवेअर जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. त्याची पहिली आवृत्ती टीकेवर होती. दुसरी आवृत्ती त्यांनी ट्रेट्स या रचनेवर उभी केली, तीत प्रोग्राम लिहिणारा फक्त ‘इथे एक संख्या, इथे एक यादी’ एवढंच सांगतो आणि खाली डब्ल्यूएक्स आहे की क्यूटी हे बदलता येतं. तो कोड वाचताना मला फार आनंद झाला. एका टूलकिटशी जन्माची गाठ न बांधता काम करण्याचा तो मार्ग अजूनही मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पण माझा प्रश्न नेमका खालच्या थरातला होता, अक्षर उमटण्याचा. वरून कितीही सुबक झाकलं तरी तो सुटला नसता.

क्यूटीने काकांचा कागद जवळजवळ पूर्ण उतरवला. त्याचं एक कारण असं की क्यूटी ४.२ पासून फॉन्ट प्रोग्रामसोबतच देता येत होता. यंत्रावर कोणता फॉन्ट आहे, याची वाट पाहायची गरज नाही. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेल्या लोहित फॉन्टांपैकी मराठीचा मी सोबत बांधला. तोच फॉन्ट दोन्ही यंत्रांवर, तीच अक्षरं. काका एकेका शब्दावर बोट ठेवत गेले. ‘वाङ्मय’पाशी थांबले, ‘ब्रह्म’पाशी थांबले, मग म्हणाले, “श जरा हिंदी वळणाचा हाय. पण वाचंल माणूस.” तो श पुढे सुधारला. मराठी वळणाचे श आणि ल फॉन्टमध्ये वेगळे ठेवता येतात आणि मजकूर मराठी आहे हे सांगितलं की निवडलेही जातात. त्या बारकाव्यासाठी मी ज्या कोणाला पत्रं लिहिली, त्या प्रत्येक पत्रात काकांचं वाक्य होतं.

हे सगळं चालू असताना एकदा काका चाचांना घेऊन आले. ग्रंथालयात उर्दूचं एक कपाट होतं. वली आणि सिराज या उर्दू कवींच्या या शहरात ते असणारच. निजामी राजवट १९४८ मध्ये संपली, पण उर्दू वाचणारी घरं राहिली, आणि जुन्या नोंदवहीत काही पानांवर पुस्तकांची नावं उर्दूत, शेरे मराठीत आणि किंमत इंग्रजी आकड्यांत होती. कार्यवाहांचा विचार होता की उर्दू नावं नागरीत लिहून टाकावीत. काकांना ते पटलं नाही. म्हणाले, पुस्तकावर जे नाव छापलंय तेच नोंदीत पाहिजे. उर्दू कसं उमटतं ते मला कळत नाही, ज्याला कळतं त्याला आणलंय.

चाचा फार कमी बोलत. एकाच ओळीत उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दू, डावीकडून उजवीकडे जाणारी मराठी आणि मध्ये आकडे आले की कोणाचं काय आधी, याचे युनिकोडने ठरवलेले नियम आहेत. क्यूटी ते नियम २००१ पासून, तिसऱ्या आवृत्तीपासून पाळत आलं होतं. लार्स क्नॉल या, केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातून आलेल्या तरुणाने त्यावर केलेलं काम मी कृतज्ञतेने वाचलं आहे. ओळींचा क्रम बरोबर होता. पण चाचांनी यादीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “बेटा, इसका पेट कट रहा है.” उर्दूची नस्तालीक वळणाची लिपी आडव्या रेषेवर सरळ बसत नाही. शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि उतरत उतरत डावीकडे खाली येतो. इंग्रजीच्या मापाने ठरवलेल्या यादीच्या ओळीत त्याचा तळ कापला जात होता. मी ओळीची उंची मजकुरावरून ठरवायला लावली. चाचा पुन्हा आले, पुन्हा पाहिलं, वरची जागाही थोडी वाढवायला सांगितली. म्हणाले, हर्फाला श्वास घ्यायला जागा लागते. मराठीची यादीही त्या वाढीव जागेत किती वाचनीय झाली, हे पहिल्यांदा ग्रंथपालबाईंच्या लक्षात आलं.

काका-चाचांनी तीस-पस्तीस वर्षं एका इमारतीत काम केलं होतं, एक खाली, एक वर. एकमेकांची लिपी दोघांनाही वाचता येत नव्हती. पण आपलं अक्षर नीट उमटलं नाही तर वाचणाऱ्याचा अपमान होतो, ही समजूत दोघांची एकच होती. मी तोपर्यंत प्रोग्रामकडे प्रोग्रामच्या बाजूने पाहत होते. त्या दोघांनी मला पडद्याच्या पलीकडे, वाचणाऱ्याच्या जागी नेऊन बसवलं.

काकांना क्यूटीची जन्मकथा फार आवडली होती. १९९० च्या उन्हाळ्यात नॉर्वेतले हॉवर्ड नॉर्ड आणि आयरिक चेंबे-एंग हे दोघं अल्ट्रासाउंडच्या प्रतिमा साठवणाऱ्या एका प्रोग्रामवर काम करत होते. तो युनिक्स, मॅक आणि विंडोज तिन्हीवर चालायला हवा होता. बागेतल्या बाकावर ऊन खात बसले असताना त्यांना या टूलकिटची कल्पना सुचली. पुढे १९९४ मध्ये कंपनी झाली, १९९५ च्या मे महिन्यात पहिली जाहीर आवृत्ती आली. आणि नावात क्यू का, तर हॉवर्डच्या संपादकातल्या फॉन्टमध्ये ते अक्षर देखणं दिसत होतं म्हणून. हे ऐकून काकांनी मला तो क्यू कागदावर छापून आणायला लावला. निरखून पाहिला. म्हणाले, आम्हीपण नवा टाइप घ्यायचा तर आधी ‘श’ आणि ‘ळ’ बघायचो. ज्याला एका अक्षराचं देखणेपण कळतं तो बाकीच्या अक्षरांची हेळसांड करणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

पण त्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न २०११ मध्ये आला. क्यूटीची मूळ कंपनी २००८ मध्ये नोकियाने घेतली होती. २००९ च्या जानेवारीत नोकियाने परवाना आणखी सैल केला, तेव्हा सगळे खूश होते. मग फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने आपले फोन मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेवर नेण्याची घोषणा केली आणि क्यूटीचं पुढे काय, अशी चर्चा सुरू झाली. तोपर्यंत प्रोग्राम आजूबाजूच्या तालुक्यांतही गेला होता. मी चिंतेत होते आणि ते काकांना दिसलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मालक बदलला तर खिळे कोणाचे?”

या प्रश्नामागे त्यांचं आयुष्य होतं. त्यांचा छापखाना बंद झाला तेव्हा शिसं, अँटिमनी आणि कथलाच्या मिश्रणातले ते सगळे खिळे वजनावर विकले गेले. ज्या हातांनी ते रोज केसमध्ये परत लावले होते, त्या हातांना त्यांतला एकही ठेवता आला नाही. मला त्या दिवशी त्यांना ठाम उत्तर देता आलं, याचं समाधान आजही आहे. १९९८ मध्ये केडीईच्या मंडळींनी क्यूटीच्या कंपनीशी एक करार करून त्यासाठी वेगळी संस्था उभी केली होती. कंपनीने क्यूटीची मुक्त आवृत्ती काढणं ठरलेल्या मुदतीपलीकडे थांबवलं, तर त्या संस्थेला ती अगदी मोकळ्या परवान्याखाली जगाला देऊन टाकता येते. मालक कोणीही होवो, विकत घेणारा तो करार सोबत घेऊनच येतो. पुढे तसंच झालं. २०११ मध्ये व्यापारी परवान्यांचं काम डिजिया या फिनलंडच्या कंपनीकडे गेलं, २०१२ मध्ये सगळं क्यूटीच तिकडे गेलं, २०१४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी झाली, आणि माझ्या ग्रंथालयांना यांतलं काहीच कळलं नाही. कळायची गरजच पडली नाही.

मी काकांना म्हटलं, खिळे आपलेही आहेत. फिल थॉम्पसन यांनी पायथनसाठी तयार केलेलं पायक्यूटी मी जीपीएल या मुक्त परवान्यावर वापरते, म्हणून माझा प्रोग्रामही त्याच परवान्यावर, मूळ कोडसकट दिलेला आहे. उद्या मी नसले तरी कोणीही तो पुढे चालवू शकेल. काकांनी हे दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, “मंग चांगलं निवडलंस.” टूलकिटच्या निवडीबद्दल मला मिळालेला तो एकमेव अभिप्राय मी जपला आहे.

त्यांचं देणं अक्षरांवर थांबलं नाही. लेखकांची यादी छापून दाखवली तेव्हा त्यांनी कारखानीसांच्या पाठोपाठ काळे आणि मग कासार बघितले आणि वर्णमाला म्हणून दाखवायला लावली. मराठीत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. युनिकोडमध्ये तो ‘ल’च्या शेजारी बसवलेला आहे. टूलकिटला भाषेच्या नियमाने क्रम लावायला सांगता येतं, पण ते खालच्या यंत्रणेला विचारतं, आणि एक्सपी व उबुंटू यांची उत्तरं सारखी असतीलच असं नाही. एका तालुक्यात काळे कासारांच्या आधी आणि शेजारच्या तालुक्यात नंतर, हे काकांना चालणार नव्हतं. म्हणून क्रमाचं कोष्टक मी स्वतः लिहिलं, वर्णमाला काकांकडून तपासून घेतली. तो भाग आजवर एकदाही बदलावा लागलेला नाही.

नंतरच्या वर्षांत पुष्कळ बदललं. क्यूटी ५ मध्ये हार्फबझ हे अक्षरमांडणीचं नवं यंत्र आलं. बेहदाद एस्फाहबोद या इराणमधून आलेल्या प्रोग्रामरने वाढवलेलं. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांत तेच आहे, आणि फोनवर मराठी वाचणारी बहुतेक सगळी माणसं त्याच्या ऋणात आहेत. दरम्यान इलेक्ट्रॉन आलं. वेबच्या रीतीने डेस्कटॉपचे प्रोग्राम लिहायची सोय. नव्या मुलांनी मला पुन्हा पुन्हा सुचवलं. अक्षरांच्या बाबतीत ते कुठेच कमी नाही, लिहायलाही सोपं आहे. पण प्रत्येक प्रोग्रामबरोबर अख्खा ब्राउझर येतो, आणि देणगीतल्या संगणकाची स्मरणशक्ती अजूनही देणगीतल्या संगणकाइतकीच असते. क्यूटीनेही मला जुन्या यंत्रांपासून तोडलं, हे सांगितलं पाहिजे. एक्सपीला सांभाळणारी शेवटची आवृत्ती ५.६, आणि क्यूटी ६ ला विंडोज १० च्या खालचं चालत नाही. त्यामुळे काही ग्रंथालयांसाठी मी जुनी शाखा वेगळी ठेवली आहे. तिथे विंडोज काढून हलकं लिनक्स घातलं की तोच प्रोग्राम नव्या आवृत्तीत चालतो. दोन यंत्रणांवर चालणारं टूलकिट निवडण्याचा असा उपयोग होईल, हे सुरुवातीला माझ्या डोक्यातही नव्हतं.

आता या कामात माझ्यासोबत जालन्याची एक मुलगी आहे. पायथन ती आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधून मराठीत शिकली. तिने काकांना पाहिलं नाही, चाचांनाही नाही. दोघंही करोनाच्या आधीच गेले, चाचा आधी. पण नवी आवृत्ती बाहेर देण्याआधी जी चाचणी आपोआप चालते, तिच्यात काकांच्या कागदावरचे सगळे शब्द त्याच क्रमाने आहेत, आणि उर्दू ओळीची उंची मोजणारी एक पायरी आहे. त्या पायऱ्यांना तिने आपण होऊन ‘काका’ आणि ‘चाचा’ अशी नावं दिली. चाचणी अडली की ती मला सांगते, “ताई, काका नाही म्हणतायत.”

काकांनी शेवटच्या भेटीत मोडीबद्दल विचारलं होतं. ग्रंथालयाला एका जुन्या वाड्यातून मोडी कागदांचे रुमाल मिळाले होते आणि त्यांची नोंद मोडीतच व्हावी, निदान शीर्षक तरी, असं त्यांना वाटत होतं. मी सांगितलं होतं की युनिकोडमध्ये मोडी २०१४ मध्ये आली आहे, पण पडद्यावर यायला वेळ लागेल. आता नोटो सान्स मोडी हा फॉन्ट मुक्त मिळतो आणि हार्फबझ मोडीची जोडाक्षरं मांडतं. क्यूटी ६ वरच्या चाचणीच्या खिडकीत मोडीची पहिली शीर्षकं उमटली आहेत. मोडी एकसलग ओढलेल्या शिरोरेषेखाली, शब्दांत जागा न सोडता लिहायची लिपी, त्यामुळे यादीत लांब शीर्षक कुठे तोडायचं याचा नियम आम्हाला अजून सापडलेला नाही. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी पैठण गेटपाशी राहतात. पुढच्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन आम्ही दोघी त्यांच्याकडे जाणार आहोत.